महिलांच्या १० किमी दौडीत ट्रान्स महिलेची नोंदणी आली आहे. नियम काय लावावा, कसा लिहावा?

अजिंक्यतारा_रनर (सातारा)

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचं मंडळ महिलांची दौड घेतं. शाहू स्टेडियमवरून सुरुवात आणि तिथेच शेवट. १० किमी स्पर्धात्मक, ५ किमी हौशी. १० किमीला रोख बक्षिसं आहेत: ११,०००, ७,००० आणि ५,०००. वेळ चिपवर घेतो.

यंदा १० किमीसाठी एका ट्रान्स महिलेची (जन्मनोंद पुरुषाची, पण ओळख स्त्रीची) नोंदणी आली. तिने अर्जात स्वतःहून तसं कळवलं आहे. फी जमा झाली, पावतीही गेली. आमच्या माहितीपत्रकात 'फक्त महिलांसाठी' एवढंच छापलंय, त्यापलीकडे काही नाही.

मंडळात दोन मतं पडलीत. काहींचं म्हणणं, भरतीची तयारी करणाऱ्या पोरी या बक्षिसाच्या रकमेवर महिन्याचा खुराक काढतात, त्यांच्यावर अन्याय होईल. बाकीचे म्हणतात, नोंदणी रद्द करणं म्हणजे एका माणसाचा जाहीर अपमान, आणि कायद्याचं झेंगट वेगळंच. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, म्हणून इथे विचारतोय.

१) वर्ल्ड अॅथलेटिक्सचा (मैदानी खेळांची जागतिक संघटना) नियम आमच्यासारख्या गावपातळीच्या दौडीला लागू होतो का?
२) हार्मोन उपचारांनंतर फरक उरतो का? उरला तर किती?
३) यंदा काय करावं, आणि पुढच्या वर्षी नियम कोणत्या शब्दांत छापावा?
४) बिब (छातीवरचा नंबर), कपडे बदलायची जागा, माईकवरची घोषणा यांचं काय?

टिंगल नको. ती व्यक्ती स्वतः हा धागा वाचत असण्याची शक्यता आहे.

---

मैदानी_पंच (कराड)

पहिल्या प्रश्नापुरतं सविस्तर लिहितो.

वर्ल्ड अॅथलेटिक्सने ३१ मार्च २०२३पासून पुरुषी वयात येणं अनुभवलेल्या ट्रान्स महिलांना महिला गटातून वगळलं. हा नियम जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धांसाठी आहे. १ सप्टेंबर २०२५पासून त्याच स्पर्धांच्या महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची (वाय गुणसूत्रावरचं, पुरुषी वाढ सुरू करणारं जनुक) चाचणी आली. गालाच्या आतून घेतलेला नमुना किंवा रक्त, आणि आयुष्यात एकदाच. त्याच महिन्यात टोकियोला झालेल्या जागतिक स्पर्धेपासून ती लागू झाली.

तुमची दौड या यादीत बसत नाही. त्यामुळे तो नियम आपोआप लागू होत नाही. मात्र दौडीला जिल्हा किंवा राज्य संघटनेची मान्यता असेल, किंवा तिच्या निकालावरून जिल्ह्याचा संघ निवडला जाणार असेल, तर संघटनेचं चालू परिपत्रक लेखी मागवा आणि त्याप्रमाणेच जा. निवडचाचणीत स्वतःचा वेगळा नियम केलात तर पुढे त्या संघातल्या सगळ्याच मुलींची नावं अडकतील.

बाकी खेळांत काय चाललंय तेही थोडक्यात. रग्बीने २०२०मध्ये सगळ्यात आधी बंदी आणली. जलतरणाने जून २०२२मध्ये ठरवलं की वयात येण्याचा दुसरा टप्पा किंवा वयाचं १२वं वर्ष, यांपैकी जे नंतर येईल त्यापुढे पुरुषी वाढ झालेली असेल तर महिला गट नाही. सायकलिंग जुलै २०२३, क्रिकेटमध्ये आयसीसी नोव्हेंबर २०२३. आयसीसीचा नियम आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरता आहे. देशांतर्गत काय करायचं ते त्या त्या बोर्डावर सोडलंय. उलट बाजूला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१५मध्ये १२ महिने टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) लिटरमागे १० नॅनोमोलच्या खाली अशी मुख्य अट ठेवली होती, आणि २०२१च्या चौकटीत तर एकच आकडा सगळ्यांना लावायचं सोडून निर्णय खेळाखेळांवर सोपवला. काही वर्षांतच वारं किती फिरलं ते यावरून दिसेल. म्हणून माहितीपत्रकात 'आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे' असं मोघम छापू नका. कोणत्या तारखेचा नियम, हा वाद तिथेच सुरू होतो.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. धावपटू द्युती चंद, शांती सौंदरराजन, कॅस्टर सेमेन्या आणि बॉक्सर इमान खेलिफ ही नावं या चर्चेत 'ट्रान्सजेंडर' म्हणून फेकली जातात. यांतली एकही ट्रान्सजेंडर नाही. या सगळ्या जन्मापासून मुली म्हणून वाढलेल्या. शांतीचं २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं ८०० मीटरचं रौप्य काढून घेतलं, आणि तिची लिंगचाचणी जगभर गाजवून तिचं आयुष्य उद्ध्वस्त केलं गेलं. द्युतीला टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुलमधून वगळलं. ती क्रीडा लवादात गेली आणि २०१५मध्ये लवादाने तो नियमच स्थगित केला. संशयावरून कुणाची तपासणी करण्याआधी मंडळातल्या प्रत्येकाने ही दोन प्रकरणं वाचावीत.

मैदानावर प्रत्यक्ष काय घडतं, तर ट्रान्स महिलेपेक्षा आपल्याच गावाकडच्या पोरींवर जास्त शंका घेतल्या जातात. भरतीसाठी केस बारीक कापलेले, खांदे रुंद, आवाज जाड, की लगेच कुणीतरी पालक पंचाकडे येतो. म्हणून नियमावलीत पहिलं वाक्य हे हवं: कोणत्याही धावपटूची शारीरिक तपासणी केली जाणार नाही. हरकत फक्त लेखी, निकाल लागल्यापासून ३० मिनिटांत, ५०० रुपये अनामत भरून आणि फक्त त्याच गटात धावलेल्या स्पर्धकाकडून. पालक, प्रशिक्षक, प्रेक्षक यांची हरकत घ्यायची नाही. एवढ्याने नव्वद टक्के कटकट जागीच थांबते.

---

शरीरक्रिया_डॉ (सांगली)

दुसरा प्रश्न माझ्या विषयातला.

वयात येण्याआधी मुलगा-मुलगी यांच्या धावण्यात फरक थोडाच असतो. खरी फाकत पडते ती टेस्टोस्टेरॉन वाढल्यावर. प्रौढ पुरुषांत त्याची पातळी साधारण ७.७ ते २९.४ नॅनोमोल प्रति लिटर असते, निरोगी स्त्रियांत १.७च्या आत. हा मधला मोकळा पट्टा लक्षात घ्या. दोन्ही गटांची टोकं एकमेकांना भिडतसुद्धा नाहीत. यातून उंची, हाडांची लांबी, खांद्याची रुंदी, हृदय-फुप्फुसांचं आकारमान, स्नायू आणि सुमारे १२ टक्के जास्त हिमोग्लोबिन मिळतं.

मैदानावर त्याचा हिशेब असा. ट्रॅकवरच्या १०,००० मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम २६ मिनिटं ११ सेकंद (२०२०), महिलांचा २८ मिनिटं ५४ सेकंद (२०२४). फरक दहा टक्क्यांच्या किंचित वर. १०० मीटरला ९.५८ आणि १०.४९, म्हणजे साडेनऊ टक्के. लांब उडीत ८.९५ मीटर आणि ७.५२ मीटर, तिथे एकोणीस टक्के. स्नायूंचा स्फोटक जोर जितका जास्त लागतो तितकी दरी रुंद होते.

टेस्टोस्टेरॉन दाबल्यावर काय होतं? सगळं एकाच वेगाने उतरत नाही, आणि गैरसमज इथेच होतात.

हिमोग्लोबिन पटकन, तीन ते चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येतं. स्नायू हळू उतरतात. वर्षभरात साधारण पाच टक्के घट. हाडांची लांबी आणि सांगाड्याची ठेवण अजिबात बदलत नाही. अमेरिकी हवाई दलातल्या ४६ ट्रान्स महिलांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांआधी दीड मैलाच्या धावेत त्या इतर महिलांपेक्षा २१ टक्के वेगवान होत्या. दोन वर्षांनंतरही १२ टक्के उरले. पुश-अप आणि सिट-अपमधला फरक मात्र दोन वर्षांत पूर्ण गेला.

तुमच्या दौडीत पहिली येणारी मुलगी ४२ मिनिटं घेत असेल असं धरलं, तर १२ टक्के म्हणजे पाच मिनिटं. तेवढ्या अंतरात बक्षिसाची अख्खी यादी बसते. म्हणून 'आता हार्मोन घेते, म्हणजे फरक संपला' हे विधान धावण्यापुरतं तरी बरोबर नाही.

पण दुसरी बाजू लपवू नये. हवाई दलातल्या त्या व्यक्ती निवडक खेळाडू नव्हत्या, आणि त्या काळात कुणी किती सराव केला याची नोंद नाही. एप्रिल २०२४मध्ये ऑलिम्पिक समितीच्या पैशातून झालेला आणखी एक अभ्यास आला. त्यात खेळणाऱ्या २३ ट्रान्स महिला होत्या. त्यांच्या हाताची पकड इतर महिलांपेक्षा जास्त भरली, पण उडीची उंची आणि वजनाच्या मानाने प्राणवायू वापरायची क्षमता उलट कमी निघाली. शरीराचा सांगाडा मोठाच राहतो आणि त्याला ओढणारं इंजिन लहान होतं, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. दोन्ही अभ्यास लहान आहेत. गटाच्या सरासरीवरून गटाचा नियम करता येतो. एखाद्या बाईकडे बोट दाखवून 'ही जिंकणारच' असं म्हणता येत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारोत्तोलनात उतरलेल्या ट्रान्स महिला लॉरेल हबर्डचे तिन्ही प्रयत्न फसले होते.

आता एक सक्त सूचना. टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट मागू नका. कारणं:

साध्या लॅबमध्ये जी पद्धत वापरतात ती पुरुषांच्या पातळीला चालते, स्त्रियांच्या कमी पातळीला तिचा आकडा भरवशाचा नसतो. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री ही जास्त अचूक पद्धत लागते. दिवसाच्या वेळेनुसारही आकडा हलतो. एका दिवसाचा रिपोर्ट मागच्या दोन वर्षांबद्दल काहीच सांगत नाही. आणि पीसीओएस (बीजांडकोशाचा हार्मोनशी निगडित विकार) असलेल्या मुलींचं टेस्टोस्टेरॉन मुळातच थोडं चढं असतं. ही तक्रार आपल्याकडे घरोघरी आहे. तुम्ही रिपोर्ट मागितला तर एका ट्रान्स महिलेमागे दहा साध्या पोरी अडकतील.

एसआरवाय चाचणीचंही तेच. अटलांटा १९९६ला ३,३८७ महिलांची चाचणी झाली, आठ जणी पॉझिटिव्ह निघाल्या आणि आठही जणींना खेळू द्यावं लागलं, कारण बहुतेकींचं शरीर टेस्टोस्टेरॉनला नीट प्रतिसादच देत नव्हतं. असा रिपोर्ट हातात आल्यावर त्याचा अर्थ लावायला अंतःस्रावतज्ज्ञ (हार्मोनचे डॉक्टर), जनुकतज्ज्ञ आणि समुपदेशक लागतात. एखाद्या १९ वर्षांच्या मुलीला आपल्यात वाय गुणसूत्र आहे हे दौडीच्या टेबलावर कळणं, याची जबाबदारी कुठलंही मंडळ घेऊ शकत नाही.

---

कृष्णाकाठ (सांगली)

कायद्याचं बघू. हा औपचारिक सल्ला नाही, पण दिशा कळेल.

ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९, अंमल १० जानेवारी २०२०पासून. कलम ३ प्रमाणे सर्वसामान्य लोकांसाठी खुल्या असलेल्या सेवा, सुविधा आणि संधी नाकारणं हा भेदभाव. कलम १३ शाळा-कॉलेजांना लागू: शिक्षण, खेळ आणि करमणूक यांत भेदभावाविना संधी. मात्र स्पर्धेतल्या महिला गटात कोण बसतं यावर हा कायदा काहीच बोलत नाही. म्हणजे दौडीतून बाहेर काढणं धोक्याचं, पण गट कसे पाडायचे याला जागा आहे.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं प्रकरण केरळचं. २०२२मध्ये जिल्हा ज्युदो स्पर्धेत महिला गटातून खेळू द्यावं म्हणून एक ट्रान्स महिला केरळ उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने अंतरिम आदेशात म्हटलं की आयोजकांनी ट्रान्सजेंडर स्पर्धकांसाठी वेगळी सोय केली नसेल तर अर्जदाराला तिच्या पसंतीच्या गटात खेळू द्यावं लागेल. हा महाराष्ट्रावर बंधनकारक निकाल नाही. पण तुमची परिस्थिती नेमकी हीच आहे: माहितीपत्रक गप्प, दुसरी सोय नाही, फी घेतलेली. यंदा नोंदणी रद्द केलीत तर तुमची बाजू लंगडी पडेल.

आणखी एक. अर्जात तिने जे कळवलं ते तिने तुमच्या विश्वासावर लिहिलंय. तो अर्ज किती जणांनी पाहिला? आजच ती एक्सेल फाईल एका माणसाकडे ठेवा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली असेल तर तिथून काढायला लावा. सातारा लहान आहे. बिब नंबर, तालुका किंवा वय यांतलं काहीही या धाग्यावर येऊ देऊ नका.

---

चढाई_पकड (इस्लामपूर)

दौडीत कुणी कुणाला धडकत नाही, त्यामुळे प्रश्न वेळेचा आणि बक्षिसाचा आहे. पण हा धागा वाचून कबड्डी-कुस्तीवाले तोच तोडगा उचलतील, म्हणून लिहितोय.

कबड्डीत वरिष्ठ महिलांची वजनमर्यादा ७५ किलो, पुरुषांची ८५. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटर, पुरुषांचं १३ बाय १०. मैदान लहान म्हणजे पकड जवळून होते, साखळीत मान आणि गुडघा आधी सापडतो. वजन सारखं असलं तरी पकडीची ताकद, खांद्याची रुंदी आणि हाडाची जाडी सारखी नसते. वजनगट हा फरक झाकत नाही. रग्बीने २०२०मध्ये बंदी घातली ती पदकापेक्षा दुखापतीच्या कारणावरून. त्यामुळे धडकेच्या खेळात 'बक्षीस दुप्पट देऊ' हा उपाय चालत नाही, तिथे गट आधीच स्पष्ट हवा.

महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी मार्च २०२३मध्ये सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने घेतली. मुलींच्या कुस्तीला इथवर यायला किती काळ लागला ते या भागातल्या प्रत्येक तालमीला माहीत आहे. महिला गट ही त्या मुलींसाठी राखलेली जागा आहे, आणि ती राखली म्हणून कुणाचा द्वेष होत नाही, हे मी स्पष्ट म्हणतो.

१२ वर्षांखालच्या मुलांत मात्र ही वाटणी करूच नका. मिश्र खेळवा. तिथे ट्रान्स मूल असेल तर प्रश्न उद्भवतच नाही, आणि शिक्षकांनी तो उगाच उकरून काढू नये.

---

मिरज_जंक्शन (मिरज)

वर बरंच चांगलं लिहिलंय. चौथा प्रश्न मात्र सगळ्यांनी वाऱ्यावर सोडला, आणि प्रत्यक्ष अपमान तिथेच होतो. पारलिंगी (ट्रान्स) व्यक्तींसोबत काम करताना जे तपासून घ्यावं लागतं ते सांगते.

वेगळ्या रंगाचं बिब देऊ नका. वेगळा रंग म्हणजे पाच हजार लोकांपुढे पाटी लावणं. गटाचा कोड चिपच्या नोंदीत असतो, बिबवर छापायची गरज नसते.

नाव: बिबवर, प्रमाणपत्रावर आणि माईकवर ती सांगेल तेच नाव. ओळखपत्रावरचं जुनं नाव फक्त नोंदणी टेबलावरच्या एका माणसाला दिसावं. निवेदकाला आधीच बजावा: 'आपल्यात आज एक खास स्पर्धक आहे' असलं कौतुकही नको. ते कौतुक वाटत नाही.

कपडे बदलायला आतून कडी लागणाऱ्या दोन-तीन स्वतंत्र खोल्या ठेवा आणि त्या सगळ्यांसाठी खुल्या ठेवा. बाळाला पाजणाऱ्या, पाळी आलेल्या, लाजणाऱ्या, सगळ्याच बायका त्या वापरतात. 'तृतीयपंथी' अशी पाटी लावलेली एक खोली कुणीही वापरणार नाही.

स्वयंसेवकांत एक महिला अशी नेमा जिच्याकडे तक्रार करता येईल, आणि तिचा फोन नंबर सर्व स्पर्धकांच्या सूचनापत्रात छापा. दौडीच्या कडेला शेरेबाजी होते ती शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये, जिथे गर्दी असते. तिथे पोलीस मित्र किंवा एनसीसीची मुलं उभी करा.

आता मतभेद. 'वेगळा ट्रान्सजेंडर गट काढा' हे इथे अजून कुणी म्हटलेलं नाही, पण मंडळात नक्की निघेल. एका माणसाचा गट म्हणजे गट नव्हे. जलतरण महासंघाने ऑक्टोबर २०२३मध्ये बर्लिनच्या विश्वचषकात असा खुला गट जाहीर केला होता, एकही नाव आलं नाही. बर्लिनला आलं नाही ते साताऱ्यात येईल का? आणि जिने नाव दिलं तिने ते गावापुढे जाहीर केल्यासारखंच होणार. न्यूयॉर्क मॅरेथॉनने २०२१पासून आणि बोस्टनने २०२३पासून स्त्री-पुरुष यांखेरीज तिसरा गट ठेवलाय, तिथे तो चालतो कारण हजारो धावपटूंत पुरेशी नावं येतात.

चढाई_पकड दादांचं जागा राखण्याबद्दलचं म्हणणं समजतं. पण पारलिंगी व्यक्तींना या जिल्ह्यात मैदान मुळातच मिळत नाही. शाळा अर्ध्यात सुटते, तालमीत घेत नाहीत, सकाळी रस्त्यावर धावायचं तर छेडछाड. जी नोंदणी करून उभी राहते ती आधीच खूप काही ओलांडून आलेली असते. तिला 'धाव, पण यादीत तू नाहीस' हे कसं सांगितलं जातं, यावर बरंच अवलंबून आहे.

---

मैदानी_पंच (कराड)

मिरज_जंक्शन ताईंचं बरोबर आहे. एकट्याचा गट काढू नये. त्याऐवजी हे बघा.

यंदा: ती १० किमी पूर्ण धावेल. निकालाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन याद्या काढायच्या. पहिली 'सर्व धावपटू', तिच्यात ती तिच्या खऱ्या क्रमांकावर आणि वेळेसह. दुसरी 'महिला गट', बक्षिसासाठी. ती पहिल्या तिघींत आली तर त्या क्रमांकाचं बक्षीस तिलाही द्यायचं आणि महिला यादीतल्या तिघींनाही पूर्ण द्यायचं. जास्तीत जास्त बोजा ११,००० रुपये. ती रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा आणि मंडळाच्या ठरावात लिहा, म्हणजे स्टेजवर खलबतं होणार नाहीत. हे तिला आठवडाभर आधी, समोर बसून, एकाच माणसाने सांगायचं. दौड संपल्यावर कळलं तर ती फसवणूक ठरेल.

बक्षिसाची वेळ: क्रम बंदुकीच्या वेळेवर, म्हणजे रेषा ओलांडण्याच्या क्रमावर लावा. चिप वेळ वैयक्तिक नोंदीसाठी. दोन्ही मिसळले की कुठल्याही गटात भांडण होतं.

पुढच्या वर्षी: महिला १० किमीसोबत खुली १० किमी ठेवा. तिच्यात पुरुष, पारलिंगी, कुणीही. तिथे कुणी उठून दिसत नाही. पण दोन काळज्या घ्या. एक, खुली दौड महिलांच्या आधी किंवा नंतर किमान १५ मिनिटांनी सोडा. एकत्र सोडली तर पुरुष धावपटू ओळखीच्या मुलीला वेग धरून देतात, म्हणून तर महिलांचे रस्त्यावरचे विक्रम मिश्र दौडीतले आणि फक्त महिलांच्या दौडीतले असे वेगवेगळे ठेवतात. दोन, खुल्याला प्रवेशमर्यादा घाला, २०० वगैरे. नाहीतर पुरुषांची गर्दी होऊन पाणी, रुग्णवाहिका, स्वयंसेवक सगळं तिकडे वळेल आणि महिलांची दौड नावालाच उरेल.

---

कृष्णाकाठ (सांगली)

यंदाच्या तोडग्यावर माझी अर्धी सहमती. माहितीपत्रक गप्प असताना आता दुसरी यादी काढणं म्हणजे नोंदणीनंतर नियम बदलणंच आहे, मऊ हाताने केलेलं. माझ्या मते यंदा एकच यादी ठेवावी, आणि ती बक्षिसात आली तर तिच्यामागे ज्या मुली एका क्रमांकाने खाली सरकतात त्यांना वरच्या क्रमांकाची रक्कम द्यावी. पैशाचा हिशेब दोन्हीकडे सारखाच, फरक एवढाच की कागदावर तिला बाहेर काढलेलं नसेल.

---

शरीरक्रिया_डॉ (सांगली)

इथे मी पंचांच्या बाजूने. पैसा सारखा असला तरी 'प्रथम क्रमांक' हे प्रमाणपत्र मुलींना नोकरीच्या अर्जाला, कॉलेजच्या सवलतीला लागतं. एकाच यादीत प्रथम आलेली मुलगी द्वितीय होते आणि ते प्रमाणपत्र भरून देता येत नाही. यंदा निदान दोन 'प्रथम' प्रमाणपत्रं निघतील अशी सोय हवी.

---

अजिंक्यतारा_रनर (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. एक्सेल फाईल आता फक्त सचिवांकडे आहे, ग्रुपवरून काढली. बंद खोल्या स्टेडियममध्ये तीन निघतील. बक्षिसासाठी ११,००० वेगळे ठेवायचा ठराव उद्या मांडतो. यंदाच्या यादीबद्दल मी पंच आणि डॉक्टरांचा मार्ग सुचवणार आहे, पण आधी त्या स्पर्धकाशी आमच्या उपाध्यक्षा बोलतील. तिची हरकत असेल तर कृष्णाकाठ सरांचा पर्याय.

पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकाचा मसुदा देतोय, दुरुस्त्या सांगा:

'१) महिला १० किमी: जन्मतः स्त्री असलेल्या धावपटूंसाठी. २) खुली १० किमी: सर्वांसाठी. दोन्हींची बक्षिसं समान. ३) ५ किमी हौशी दौड: सर्व महिलांसाठी, ट्रान्स महिलांसह. क्रमांक व बक्षीस नाही. ४) गटाबाबत शंका असल्यास आयोजक कागदपत्रं किंवा वैद्यकीय दाखला मागू शकतील.'

---

शरीरक्रिया_डॉ (सांगली)

चौथं कलम काढाच. वर एवढं लिहून झाल्यावर वैद्यकीय दाखला पुन्हा मागच्या दाराने आलाय. शिवाय कोणता डॉक्टर, कोणता दाखला, हे कुणालाच सांगता येणार नाही. स्पर्धकाने अर्जात सही करून गट निवडावा, तेवढा पुरावा या पातळीला पुरे.

पहिल्या कलमात 'जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या' असं लिहा. द्युतीसारखी एखादी मुलगी असेल तर ती त्यात बसते आणि तिला गावपातळीवर कुणी काही विचारण्याची गरज राहत नाही. मोठ्या स्पर्धेत गेल्यावर काय ते तिथले डॉक्टर आणि संघटना बघतील.

---

मिरज_जंक्शन (मिरज)

ट्रान्स पुरुष राहिले. जन्मनोंद स्त्रीची, पण टेस्टोस्टेरॉनचे उपचार चालू, तर तुमच्या पहिल्या कलमाने तो महिला गटात येतो. त्याला स्वतःला ते नको असतं आणि बाकीच्या मुलींवरही अन्याय. 'टेस्टोस्टेरॉन उपचार घेत असलेल्या धावपटूंनी खुला गट निवडावा' हे एक वाक्य जोडा.

तिसऱ्या कलमात 'ट्रान्स महिलांसह' हे शब्द राहू द्या. मोघम लिहिलं की लोक समजतात आपल्याला परवानगी नाही, आणि येतच नाहीत.

---

मैदानी_पंच (कराड)

चौथ्या कलमाच्या जागी हे छापा: 'गटाबाबत हरकत फक्त त्याच गटातील स्पर्धकाने, निकालानंतर ३० मिनिटांत, लेखी आणि ५०० रुपये अनामत भरून द्यावी. निर्णय तीन जणांची समिती बंद खोलीत देईल, त्यांत किमान दोन महिला असतील. समिती फक्त अर्जातली सही आणि गटाची निवड तपासेल. शारीरिक तपासणी होणार नाही. हरकत ज्या स्पर्धकाविरुद्ध आहे तिचं नाव जाहीर केलं जाणार नाही.'

आणि बक्षीस समारंभ निकालानंतर ४५ मिनिटांनी ठेवा, आधी नको. हरकतीची मुदत संपायच्या आत धनादेश दिला की तो परत मागायची वेळ येते, आणि ते कुठल्याही धावपटूच्या वाट्याला येऊ नये.